बधिर काखेतलं बोट

मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. बग दिसला की त्याचं कारण सापडेपर्यंत मला घास गोड लागत नाही. असले गूढ अनुभव सांगणाऱ्यांची मी कायम टिंगलच केलीय. त्यामुळे लिहिताना संकोच वाटतोय... तरी लिहिते.

आम्ही मूळचे साताऱ्याचे, बंगळुरूत सर्जापूर रोडला राहतो. काही वर्षांपूर्वी मला उजव्या स्तनाचा कॅन्सर झाला. ऑपरेशनमध्ये स्तनाबरोबर काखेतल्या गाठीही काढल्या, आणि ती काख बधिर झाली. चिमटा काढला तरी कळत नाही.

उपचार चालू होते तोवर घर माणसांनी भरलेलं असायचं. पण एकदा ‘बरी झालीस ना आता!’ म्हटलं की लोकांसाठी विषय संपतो. फॉलो-अपला मी एकटीच जायचे. तिथेच सरसक्का भेटली. तिलाही हाच आजार, डाव्या बाजूला. ती इथल्या जुन्या मराठी घरातली. मग आम्ही एकाच दिवसाची अपॉइंटमेंट घ्यायला लागलो. नर्सशी कन्नडमध्ये तीच बोलायची, वेळ पडली तर माझ्या वतीने भांडायचीसुद्धा.

ज्या दिवसाचं सांगतेय, त्या दिवशी मात्र ती म्हैसूरला मुलीकडे गेली होती. डॉक्टर मॅडमनी मला तपासलं. डाव्या बाजूची मॅमोग्राफी क्लिअर होती. “सगळं ठीक आहे, आता सहा महिन्यांनी या.”

दुपारची वेळ. मी पडद्यामागे कपडे घालत होते... आणि उजव्या काखेत कुणीतरी बोट रोवलं.

नुसता भास नाही — दाब! नखसुद्धा जाणवलं. मी दचकून हात वर केला. कोणीच नव्हतं. हात खाली घेतला तर पुन्हा तिथेच, आणखी जोरात.

बाहेर येऊन म्हटलं, “मॅडम, या काखेची सोनोग्राफी करा.”

“कशाला? हाताला काहीच लागत नाहीये.”

“मला जाणवतंय.”

“तिथे तर तुम्हाला काही कळत नाही ना?”

मी खुर्चीवरून उठलेच नाही. शेवटी त्यांनी वैतागून लिहून दिली.

सोनोग्राफी करणारी मुलगी आधी छान गप्पा मारत होती. मग एकाएकी स्क्रीनजवळ वाकली, आणि मशीन एकाच जागी फिरवत राहिली...

संध्याकाळी सरसक्काचा फोन आला. मी काही बोलायच्या आतच तिने विचारलं, “अगं, काख बघितली का त्यांनी?”

“कुठली?”

“उजवी गं, तुझी! दुपारी जेवून स्वल्प आडवी झाले होते. झोपेत तुझ्या काखेत बोट दाबत होते मी. तू हात वर केलास, म्हणून परत दाबलं. माझी मुलगी सांगते, मी ओरडत होते — इथं बघा, इथं बघा!”

दुसऱ्याच दिवशी मी बायोप्सीला गेले.

बायोप्सीत कॅन्सरच निघाला. गाठ अगदी लहान, खोलवर होती. परत ऑपरेशन, मग रेडिएशन. आज मी बरी आहे. मॅडम म्हणतात, बधिर नसा कधीकधी जाग्या होतात. असेल. पण मी हात वर केला होता, हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. मग ते तिला कसं कळलं, याचं कारण मला आजही सापडलेलं नाही.

तेव्हापासून सरसक्का दुपारची आडवी होत नाही. मी फारच खोदून विचारलं तेव्हा एकदाच बोलली, “आपल्यासारख्या केवढ्या बाया आहेत गं. उद्या कुणाच्या अंगावर हात पडला माझा... आणि ती डॉक्टरसमोर गप्प बसली तर? मला ठाऊक असून ती जाईल गं.”