फिर्यादीच जामीनदार

ती घटना आठवली की आजही मला आधी तळलेल्या बोंबलांचा वास येतो आणि गुन्ह्याचं कलम नंतर आठवतं. बायको म्हणते, तुमची सगळी नोकरी पोटातूनच झाली.

उत्तनच्या किनाऱ्यावर एका विधवा बाईंचं जाळं कुणीतरी सुरीने फाडलं होतं. जाळं गेलं म्हणजे बोट किनाऱ्याला आणि चूल थंड. फिर्याद द्यायला त्या स्वतः आमच्या पोलीस ठाण्यात आल्या.

"संशय कोणावर?" मी विचारलं.

"संशय न्हाय, म्हायती हाय. माझ्याच बोटीवरचा खलाशी. काल दारू पिऊन आला म्हणून उतरवला त्याला. बाप्तिस्म्याला मीच हातावर घेतला व्हता."

तिशीतला तो गडी आम्ही आणला. माझी चौकशीची खास पद्धत म्हणजे पापणी न हलवता रोखून बघणं. तोही बघत राहिला. शेवटी माझ्याच डोळ्यांतून पाणी आलं आणि हवालदाराने रुमाल पुढे केला.

दुपारी बाई डबा घेऊन हजर.

"आपसात मिटवताय का?" मी आशेने विचारलं.

"कशाला मिटवू? फाडलंय त्यानं. गुन्हा लिवा. पण सकाळपासून उपाशी आसल तो."

त्याच्यासमोर भात आणि बोंबील वाढता वाढता त्यांनी त्याला असं झोडपलं, शब्दांनीच, की ठाणे अंमलदाराचं लिहिणं थांबलं. शेवटी म्हणाल्या, "खा. लाज वाटत आसल तर हळूहळू खा."

घास हातातच राहिला. "मावशे, मीच फाडलं," तो म्हणाला. सुरी कुठे पुरली तेही सांगितलं. पंचांसमक्ष ती वाळूतून काढली.

गुन्हा जामीनपात्र होता, पण त्याच्या घरचं कुणी फिरकलं नाही. बाई म्हणाल्या, "मी ऱ्हाते जामीन."

"अहो, फिर्यादी तुम्हीच आहात."

"मग? फादर सांगतात, पापाचा राग करा, पाप्याचा नको. सांगायला त्यांचं काय जातंय, त्यांचं जाळं थोडंच फाडलंय? माझा राग हाय तसाच हाय. पण याला घरी कोण नेणार?"

साक्षीच्या दिवशी दोघं एकाच बसमधून उतरली. बाईंनी पिंजऱ्यात एक शब्द मवाळ केला नाही. बाईंची उलटतपासणी घ्यायचीय का, असं न्यायाधीशांनी आरोपीला विचारलं. तो म्हणाला, "न्हाय. ती सांगते ते खरं हाय." कोर्टाने त्याला चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडलं. परतीच्या बसथांब्यावर बाईंची फिर्याद चालूच होती आणि त्यांची पिशवी धरून तो खाली मान घालून ऐकत होता.

माणूस आपला असेल तर राग गिळायचा, गिळवत नसेल तर माणूस तोडायचा, एवढंच मला ठाऊक होतं. म्हणून तर ज्याला त्याला 'मिटवा' म्हणायचो. बाईंनी काही मिटवलं नाही आणि माणूसही टाकला नाही. हे कळलं मला, जमलेलं मात्र नाही. मुलगा उशिरा घरी आला की 'जेवलास का' विचारायचं सोडून मी अजूनही आधी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो, म्हणजे सुरुवात माझ्यापासूनच होते.