परकार मॅडमचा म्हातारा

परकार मॅडम युद्धाचा धडा कधीही तारखेपासून सुरू करत नसत. फळ्याशेजारी युरोपचा नकाशा टांगायचा, पिशवीतून छोटा स्पीकर काढून टेबलावर ठेवायचा आणि चष्म्यावरून वर्गाकडे बघत विचारायचं, "लढाई कोण जिंकला ते पुस्तकात हाय. तेव्हा शहरात वाजत काय होतं, ते सांगा." ओमानमधल्या सोहारच्या आमच्या शाळेत दहावीच्या पुस्तकात ऑस्ट्रियाची जेमतेम दोन पानं. मॅडम त्यावर आठवडा काढत. शेजारच्या वर्गात मी गणित शिकवायची, आणि माझी प्रमेयं व्हायोलिनच्या साथीने सुटायची. एकदा तावातावाने तक्रार करायला गेले आणि तास संपेपर्यंत त्यांच्या मागच्या बाकावर बसून राहिले. आमची मैत्री तिथून सुरू झाली.

नावं घ्यायचा त्यांना कंटाळा. "नावं पेपरात लिहा. इथे तो आपला म्हातारा." हा म्हातारा म्हणजे व्हिएन्नाचा एक थोर संगीतकार. मुलंही त्याला मॅडमचा म्हाताराच म्हणत. पालकसभेत एका गृहस्थांनी अदबीने चौकशी केली होती, "मॅडम, मुलगी सांगत होती, तुमच्या म्हाताऱ्यांचं दुखणं वाढलंय. आता बरं आहे ना?" मॅडम चेहरा गंभीर ठेवून म्हणाल्या, "गेले बिचारे. दोनशे वर्षं होऊन गेली."

त्या दाभोळ खाडीकाठच्या. लग्न होऊन ओमानला आल्या, उभी हयात इथे गेली, पण त्यांचं 'हाय' आणि 'नाय' गावाकडचंच राहिलं. वडील मालवाहू जहाजावर सारंग, म्हणजे खलाशांचे मुकादम होते. ट्रिएस्ट बंदरात, म्हणजे एके काळच्या ऑस्ट्रियाच्या बंदरात, त्यांनी एक जुनी रेकॉर्ड घेतली. कव्हरवरच्या चित्रात पांढऱ्या केसांचा टोप घातलेला माणूस होता. "बाबांना वाटला कुठला तरी काझी हाय," मॅडम हसून सांगत. घरात रेकॉर्ड ती एकच. गावात लग्न असो नाहीतर ईद, परकारांकडे तीच वाजायची.

त्या संगीतात एके ठिकाणी मोठी गंमत होती. सगळं संथ, गोड चाललेलं असताना अचानक नगारे आणि झांजा दणाणू लागत. ते नगारे मूळ तुर्की फौजेचे. त्यावर मॅडमचा आवाज चढायचा. "तुर्क व्हिएन्नाला वेढा घालायला आले आणि परत गेले. यांनी त्यांचे नगारे तेवढे ठेवून घेतले! शत्रूकडून काय घ्यायचं ते या शहराला विचारा, मेल्यांनो!"

पण नगाऱ्यांच्या लगेच पुढे रेकॉर्डवर ओरखडा होता. सुई तिथे उडी मारायची आणि भलतीकडेच जाऊन पडायची. मॅडमनी फोनवर भरून घेतलं तेही त्या उडीसकट. मुलांना सगळं पाठ झालं तेही उडीसकट. "अहो, मोबाइलवर अख्खं मिळतं," मी एकदा म्हणाले. त्या चिडल्याच. "ठाऊक हाय मला. लहानपणी बाबांना विचारलं, मधे काय वाजतं? बाबा म्हणाले, मोठी झालीस की वाजवणाऱ्यांच्या समोर बसून ऐक. तेव्हाच ऐकणार. तोवर नाय."

त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी व्हिएन्नाहून एक वाद्यवृंद मस्कतला येणार असल्याचं कळलं, आणि कार्यक्रमात तीच रचना होती. मॅडमनी मुख्याध्यापकांचा पिच्छा पुरवला. अखेर दहावीच्या सहलीला मंजुरी मिळाली. सकाळी रुस्ताकचा किल्ला, संध्याकाळी मस्कतला कार्यक्रम. मॅडम त्या दिवशी मोतिया रंगाची नवी साडी नेसून आल्या होत्या. नवरीसारख्या दिसत होत्या, आणि मी तसं म्हणालेही.

किल्ला पाहून आम्ही किनाऱ्याकडे निघालो. डोक्यावर लख्ख ऊन, पण मागे डोंगरात पाऊस कोसळत होता. एरवी ठणठणीत कोरडी असलेली वादी, म्हणजे इथली पावसापुरती नदी, तांबड्या पाण्याने वाहत होती आणि रस्ता तिच्यातूनच जात होता. पाणी गुडघाभर असावं. एक पिकअप आमच्या डोळ्यांदेखत पार झाली. पलीकडून तिचा ड्रायव्हर 'चला' अशा अर्थाने हात हलवून ओरडला, "यल्ला, यल्ला!"

"मॅडम, बडी गाडी है, निकल जायेगी," आमचे ड्रायव्हर म्हणाले.

"नाय."

"मॅडम, प्लीज ना! कॉन्सर्ट मिस होईल!" मुलं कळवळली. "तुमचा म्हातारा मिस होईल!"

मॅडमनी हात पुढे केला, ड्रायव्हरकडून चावी घेतली आणि पर्समध्ये टाकली. "खलास. पाणी उतरल्याशिवाय गाडी हलणार नाय." एवढं बोलून त्या बसच्या दारात उभ्या राहिल्या.

आणखी दोन गाड्या सुखरूप गेल्या. मुलं रुसली. एक मुलगी रडायला लागली. तेव्हा दारातूनच मॅडमनी गोष्ट सुरू केली. "फ्रेंचांच्या तोफा व्हिएन्नावर धडधडत होत्या. म्हातारा पार थकलेला. गोळा घराजवळच पडला आणि नोकरमाणसं थरथरायला लागली. तसा हा ओरडला, घाबरू नका, मी असेपर्यंत तुम्हाला काय व्हायचं नाय! स्वतः थरथरत होता, पण ओरडला. शहर पडलं. तरी हा रोज पियानोशी जाऊन आपल्या देशासाठी केलेलं गाणं वाजवायचा. जिंकणाऱ्या बादशहाने त्याच्या दारावर पहारा बसवला, त्याला त्रास नको म्हणून. त्याच्या फौजेतला एक अधिकारी भेटायला आला आणि त्याने म्हाताऱ्याचंच गाणं त्याला म्हणून दाखवलं. थोड्याच दिवसांत म्हातारा गेला." मॅडम थांबल्या. "आज तुमच्या दारावर मी हाय."

गोष्ट संपते न संपते तोच वरून घरघर ऐकू आली. झाडं, दगड, पत्रे घेऊन पाण्याचा लोंढा आला आणि समोरचा रस्ता दिसेनासा झाला. ड्रायव्हरनी दोन्ही हात तोंडावरून फिरवले. या बाईच्या शेजारी आपण उभ्या आहोत याचा मला विलक्षण अभिमान वाटत होता.

अंधार पडला. मॅडमनी घड्याळ पाहिलं. "सुरू झालं असेल," एवढंच म्हणाल्या. मघाशी रडणाऱ्या मुलीने पुढच्या सीटवर बोटांनी ताल धरला. हळूहळू सगळी बस गुणगुणू लागली. नगारे सीटच्या पाठींवर वाजले, झांजा टिफिनच्या झाकणांवर. ओरखड्याशी सगळ्यांनी एकदम उडी मारली आणि मॅडम खळखळून हसल्या. नव्या साडीचा काठ चिखलाने भरला होता.

मस्कतचा कार्यक्रम हुकला तो हुकलाच. पुढे मी दोनदा विषय काढला. "मुलं घरी पोचली ना? मग झालं तर," असं म्हणून त्यांनी तो संपवला. पण त्यानंतर त्यांनी वर्गात स्पीकर काढला नाही. ते मला लागलं, आणि मुलांनाही.

मार्चमध्ये मॅडमचा निरोप समारंभ झाला. भाषणं संपली आणि स्टेजवर दहावीची मुलं आली. एक व्हायोलिन, दोन कीबोर्ड, बासऱ्या आणि शाळेच्या परेडचा ड्रम. इतके दिवस गणिताच्या जादा तासाच्या नावाखाली माझ्या वर्गात काय चालायचं, ते आता सगळ्यांना कळलं. सूर अधूनमधून चुकत होते. नगारे मात्र असे दणाणले की मुख्याध्यापक दचकले. पहिल्या रांगेत मॅडमचे ओठ हलत होते.

ओरखड्याची जागा आली. मॅडमच्या ओठांनी सवयीने उडी मारली. मुलांनी मारली नाही. मुलं सरळ पुढे गेली.

मॅडम तशाच थांबल्या. साडीचा पदर मुठीत धरून, मान पुढे काढून ऐकत राहिल्या. संपल्यावर टाळ्या वाजल्या तरी त्या उठल्या नाहीत. मग माझ्याकडे वळल्या. डोळे भरले होते आणि तोंडावर हसू मावत नव्हतं.

"एवढासाच तुकडा होता होय गो!" त्या म्हणाल्या. मग स्टेजकडे बघून वर्गातल्या आवाजात ओरडल्या, "पुन्हा वाजवा, मेल्यांनो!"

मुलांनी पुन्हा वाजवलं. या वेळी मॅडमचे ओठ कुठेच अडखळले नाहीत.