पावण्यांनी पक्ष बदलला

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत पंपाच्या ओतीव बॉड्या तपासायचं काम मी करतो. केसाच्या जाडीएवढा फरक निघाला तरी माल परत पाठवणारा माणूस, अशी कारखान्यात माझी ख्याती आहे. मापं समोर आल्याशिवाय माझी सही मिळत नाही. हाच माणूस सकाळी दात घासायच्या आधी, अंथरुणात पडल्या पडल्या, नावगाव माहीत नसलेल्या कुणा इसमानं ‘खात्रीलायक सूत्रांच्या’ हवाल्यानं लिहिलेली बातमी वाचायचा आणि तिच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवायचा. बातमी फोनची असायची. पुढच्या वर्षी येणाऱ्या अमुक फोनचा कॅमेरा कुठल्या कोपऱ्यात असेल, तमुक फोनची कड सपाट असेल की गोल, असल्या गोष्टी.

नाद लागला तो माझा अँड्रॉइड फोन घेताना. घ्यायच्या आधी मी सगळीकडं शोधून शोधून वाचलं, ते योग्यच होतं. पण फोन घेऊन झाला तरी वाचणं काही थांबेना. लग्न होऊन पोरं शाळेत जायला लागली तरी माणसानं वधू-वर सूचक मंडळात चकरा मारत राहावं, तसं माझं झालं. बायकोनं बरेच दिवस पाहिलं आणि एकदा चहा पुढं ठेवत विचारलं, “अवो, घेणार न्हाईसा, मग वाचताय कशाला?” माणसानं अपडेट असावं, असं मी काहीतरी बोललो. गॅसचा नंबर लावायचा राहिलाय, तेवढं अपडेट करा, म्हणाली.

घरात या ज्ञानाला गिऱ्हाईक नव्हतं. ते कंपनीच्या बसमध्ये मिळालं.

मी शाहूपुरीत बस पकडतो. पहिल्या दिवशी चढलो तेव्हा एकच सीट अर्धी रिकामी होती. खिडकीशी बसलेला माणूस पिशवी मांडीवर घेत म्हणाला, “बसा पावणं.” मी म्हणालो, तुम्ही पण जरा सरका पावणं. तेव्हापासून तो मला पावणं आणि मी त्याला पावणं. निम्म्या बसला आमची खरी नावं आजही माहीत नसतील. तो आमच्याच कारखान्यात स्टोअरला आहे. मूळचा आजऱ्याचा. वडील तिथं शिवणकाम करायचे. ते गेल्यावर आई धाकट्या भावाजवळ आजऱ्यातच राहिली आणि हा नोकरीपायी कोल्हापुरात आला.

पावण्यांच्या हातात आयफोन होता. आखातात असलेल्या चुलत भावानं नवा घेतल्यावर आपला जुना याला दिलेला. मला गप्प बसवेना. फोन चांगला आहे, पण सगळं बंद बंद आहे, मनासारखं काही करता येत नाही, असं मी सहज सुनावलं. पावणं खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, “घराला दार असतंय पावणं. तुमचं काय, एस्टी स्टँड हाय.”

झालं. दुसऱ्या दिवशी मी तयारी करून आलो. तिसऱ्या दिवशी तेही करून आले. पुढं रोज शाहूपुरीपासून कारखान्याच्या गेटपर्यंत आमचं चालायचं. बॅटरी, कॅमेरा, चार्जर, कुठल्या फोनला किती वर्षं अपडेट. हळूहळू बसचे दोन भाग झाले. उजवीकडचे माझे, डावीकडचे त्यांचे. डावीकडच्या बहुतेकांच्या खिशात अँड्रॉइडच होता, पण जागा मिळेल तो पक्ष, असा हिशेब. ड्रायव्हरमामा आरशातून बघत गाडी हाकायचे. गोकुळ शिरगाव आलं आणि आम्ही अजून सुरू झालो नसलो, तर आज काय बातमी न्हाय का, असं तेच विचारायचे.

खरं म्हणजे ज्या फोनांसाठी मी घसा कोरडा करत होतो त्यातला एकही माझ्याकडं नव्हता. माझा फोन मध्यम कुवतीचा, कोपऱ्यात तडा गेलेला. पावण्यांचा आयफोन इतका जुना की त्यांच्या पक्षाच्या नव्या बातम्यांशी त्याचा संबंधच नव्हता.

एकदा माझ्या खात्रीलायक सूत्रानं सांगितलं की, पुढच्या आयफोनला कडेला एकही खरं बटण नसणार. मी ते सगळ्या बसला जाहीर केलं. मग चालू कसा करायचा, असं पावण्यांनी विचारलं. मी म्हणालो, तोच तर विचार त्यांनी केलेला नाही. पुढं फोन आला. बटणं सगळी जागेवर होती आणि वर एक जास्तीचं होतं. पावणं त्या दिवशी पेढ्यांचा पुडा घेऊन चढले. पहिल्या सीटपासून शेवटपर्यंत वाटत गेले आणि माझ्यापुढं धरून म्हणाले, “नव्या बटणाचं बारसं हाय, घ्या.” मी पेढा घेतला. चांगला होता, आणि त्याचंच जास्त वाईट वाटलं.

असं सगळं झकास चाललेलं असताना एका सोमवारी पावणं बसमध्ये आले, पिशवी मांडीवर घेतली आणि खिशातून अँड्रॉइड फोन काढला.

मला वाटलं, कुणाचा तरी दुरुस्तीला न्यायचा असेल. तसं विचारलं. न्हाय, माझाच हाय, असं ते अगदी साधेपणानं म्हणाले, चप्पल बदलल्यासारखं.

मग त्यांनी सांगितलं ते असं. धाकट्या भावानं आईला फोन घेऊन दिला होता, अँड्रॉइड. भाऊ दिवसभर काजूच्या कारखान्यात. आईला काही अडलं की ती यांना फोन करणार. व्हिडिओ उलटा दिसतोय, आवाज गेलाय, फोटो कुठं गेला. हे इकडून सांगायचे, पण यांच्या फोनवर सगळं वेगळ्या जागी. “कुठलं बटण दाबू म्हणून अम्मी विचारती,” पावणं म्हणाले. “माझ्यात ते बटणच न्हाय. मग मी काय सांगू?” म्हणून रविवारी जाऊन तिच्यासारखाच फोन घेतला. आयफोन मेहुण्याला देऊन टाकला.

मी हे नीट ऐकायला हवं होतं. मला त्यातलं एवढंच ऐकू आलं की आपण जिंकलो. मी सीटवरून उठलो आणि बसला बातमी दिली. उजव्या बाजूनं टाळ्या वाजवल्या. ड्रायव्हरमामांनी हॉर्न दिला. कारखान्यात पोहोचल्यावर मी कँटीनमध्ये दोन्ही बाजूंच्या लोकांना स्वखर्चानं चहा पाजला. त्या दिवशी मी एकही बॉडी परत पाठवली नाही, असं माझा हाताखालचा माणूस अजून सांगतो.

मंगळवारी मी नवी बातमी घेऊन बसलो. आपल्या फोनांना आता असं असं येणार. पावणं म्हणाले, व्हय, चांगलं हाय की. बुधवारी कॅमेऱ्याचं काढलं. म्हणाले, तुमचंच बरोबर हाय. गुरुवारी मी मुद्दाम साफ चुकीचं बोललो. त्यालाही त्यांनी मान हलवली. आणि शुक्रवारी, मी बोलत असताना, पावणं माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपले.

कुणी आपलं म्हणणं इतकं मुकाट्यानं मान्य करावं, याची मला सवय नव्हती. घरी तर नव्हतीच. बस गप्प झाली. कुणी कानात वायर घातली, कुणी गावाकडच्या भानगडी काढल्या. ड्रायव्हरमामांनी जुन्या गाण्यांचा पेनड्राइव्ह लावला, आणि तो गोकुळ शिरगावच्या पुढं अडकायचा.

मी दुसरा विरोधक शोधायला लागलो. अकाउंट्समध्ये नव्यानं लागलेली एक मुलगी पुढच्या सीटवर बसायची. तिच्याकडं अगदी ताजा आयफोन होता. मी पुढं सरकून दोन-तीन टोमणे मारले. तिनं एका कानातला इअरबड काढून शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “काका, ज्याला जे आवडतं ते त्यानं वापरावं.” आणि इअरबड परत घातला. इतक्या वर्षांचा वाद तिनं एका वाक्यात मिटवला होता. मी मागं येऊन बसलो. माझा चेहरा बघून पावण्यांनी खिशातले काजू काढून दिले.

असे किती दिवस गेले असते कोण जाणे. एका सकाळी पावणं आपल्या नव्या फोनकडं बघत सहज म्हणाले की, बॅटरी मात्र मस्त टिकते याची. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “त्यात काय विशेष? आयफोन तेवढ्याच बॅटरीत जास्त काम काढतो.”

ड्रायव्हरमामांनी आरशात बघितलं. पावणं ताठ बसले. मी काय बोललो ते माझं मलाच कळायला वेळ लागला, पण आता माघार घ्यायची तर पुन्हा ती शांतता आणि तो अडकणारा पेनड्राइव्ह. मी पुढं रेटलं. पावण्यांनी मांडीवरची पिशवी खाली ठेवली आणि उत्तर दिलं. उत्तर माझंच होतं. मीच त्यांना वर्षानुवर्षं ऐकवलेलं, शब्दाला शब्द, मी वाक्य संपवताना बोट वर करतो ते बोटसुद्धा. आपण असे दिसतो हे मला तेव्हा कळलं.

मग काय, गाडी परत रुळावर आली. फक्त मी पलीकडच्या रुळावर. सकाळी अंथरुणात मी आता आयफोनच्या बातम्या वाचायला लागलो, कारण त्या बाजूचं माझं ज्ञान फक्त खोड्या काढण्यापुरतं होतं. बायकोच्या ते लक्षात आलं. काल ज्याला शिव्या देत होता त्याचीच आरती का, म्हणाली. बस आहे ती, तिथं कुणीतरी त्या बाजूनं बोलायला पाहिजे, असं मी तिला समजावलं. तिनं माझ्याकडं बघितलं, कपाळाला हात लावून ताप आहे का पाहिलं आणि स्वयंपाकघरात गेली.

अडचण एकच होती. आयफोनची बाजू घेताना माझ्या हातातला अँड्रॉइड मला लपवावा लागायचा. डावीकडची माणसं मोठ्यानं विचारायची, पावणं, तुमचा फोन काढा की बघू. बसमध्ये फोन आला तर मी उचलत नसे.

हा प्रश्नही सुटला. कारखान्यात वाकून एक बॉडी तपासताना माझा फोन वरच्या खिशातून मशिन थंड ठेवणाऱ्या कुलंटच्या टाकीत पडला. तेलकट पांढऱ्या पाण्यातून काढला तेव्हा त्याच्यात काही उरलं नव्हतं. संध्याकाळी बसमध्ये सगळ्यांना उत्सुकता, आता पावणं काय घेणार. मी आयफोनच घेणार, असं मी छाती काढून सांगितलं. मला हे परवडणार नाही, हे शेजारी बसलेल्या पावण्यांना माहीत होतं. ते म्हणाले, चला, मी पण येतो.

शाहूपुरीत उतरून आम्ही ओळखीच्या दुकानात गेलो. दुकानदार विचारत होता, काय दाखवू. पावणं म्हणाले अँड्रॉइड दाखवा. मी म्हणालो आयफोन. पावण्यांनी अँड्रॉइडचे फायदे सांगायला सुरुवात केली. प्रत्येक फायदा मला पटत होता, कारण तो माझाच शोध होता, आणि प्रत्येक फायदा मी खोडून काढत होतो. आतून मनापासून वाटत होतं, पावणं, हरू नका. दुकानदार काउंटरवर कोपर टेकून बराच वेळ ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, “पावणं, घ्यायचा कुणाला हाय?”

तेवढ्यात पावण्यांच्या फोनवर व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर निम्मं कपाळ आणि वरचे पत्रे. अम्मी होती. पावण्यांनी मला पुढं करून सांगितलं की, हे बसमधले, यांचा फोन बुडाला, नवा घ्यायचाय. कपाळ जरा खाली आलं, डोळे दिसले. मला निरखून ती म्हणाली, “ह्येच्यासारखाच घ्या की बाबा. ह्यो लगीच वैतागतोय. मग मी तुम्हाला विचारीन.”

खात्रीलायक सूत्रांपैकी कुणीच हा मुद्दा कधी लिहिलेला नव्हता. मी पावण्यांच्यासारखाच फोन घेतला. पावण्यांनी दुकानातच त्यात अम्मीचा नंबर घातला.

बसमध्ये मी अजून आयफोनच्या बाजूनं आहे. खिशातल्या नव्या फोनचं मी एवढंच सांगतो की तो तात्पुरता आहे. लोक हसतात, पण भांडण चालू आहे म्हटल्यावर कुणाची तक्रार नाही. आणि अम्मीचे फोन येतात. कधी मी मापं घेत असतो, कधी जेवत असतो. डावीकडं खाली बघा मावशी, तीन टिंबं दिसतात का, त्याच्यावर बोट ठेवा, असं मी सांगतो. ती ठेवते. मग काहीतरी तिसरंच उघडतं आणि आम्ही पहिल्यापासून सुरू करतो.

गेल्या आठवड्यात मी ऐन रंगात होतो. या अँड्रॉइडवाल्यांना फोन बनवता येतो, पण माणसाला सोपा करता येत नाही, असं मी बसला बजावत होतो. पावण्यांनी अजून तोंड उघडलेलं नव्हतं, आणि माझा फोन वाजला. व्हिडिओ कॉल. आजरा. अम्मीचा फोन न उचलून कसं चालेल? अम्मीचं म्हणणं, अक्षरं बारीक झाल्यात. मी सेटिंग कुठं आहे ते सांगितलं. सगळी बस ऐकत होती. अकाउंट्सच्या मुलीनंही कानातला इअरबड काढला होता. अक्षरं मोठी झाली. अम्मी खूश झाली आणि म्हणाली, “ह्यो फोन चांगला हाय न्हवं? का दुसरा घ्यायला पाहिजे हुता?”

मी बसकडं बघितलं. पावणं खिडकीबाहेर बघत होते, पण त्यांचे खांदे हलत होते.

“चांगला हाय, मावशी,” मी म्हणालो. “लई चांगला हाय.”

मग बरं, म्हणून तिनं फोन ठेवला, पण बंद केला नाही. पडद्यावर आजऱ्याचे पत्रे दिसत राहिले आणि ती शेजारणीला सांगत असलेलं आम्हाला ऐकू येत राहिलं की, पोराचा दोस्त हाय, कोल्हापूरला फोनच्या कंपनीत मोठा सायब हाय, त्येला सगळं कळतंय. मग काजू निवडायचा आवाज यायला लागला. ड्रायव्हरमामांनी गाण्याचा आवाज कमी केला. कारखान्याचं गेट येईपर्यंत कॉल कुणीच तोडला नाही.