गोळ्या म्हशीच्या घमेल्यात

जावेवर सूड घ्यायला मी बारा दिवस थांबले. माझ्या सगळ्या आजारपणात तेवढे बारा दिवसच मला शांत झोप लागली.

नामांतरावरून मराठवाडा पेटलेला असायचा त्या वर्षांतली ही गोष्ट. एसट्या कधी बंद होतील त्याचा नेम नसायचा. औरंगाबादेला माझी डावी छाती काढली, मग कित्येक महिने इंजेक्शनं चालली. चाळिशी गाठायची होती अजून, पण त्या इंजेक्शनांनी पाळी गेली ती गेलीच. शेवटच्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी नीट बसवून सांगितलं की पाळी अशी अवेळी गेली की हाडं आतून ठिसूळ होतात. दोन्ही वेळा दूध घ्या, जेवणावर कॅल्शियमची गोळी घ्या, रोज उन्हात बसा, चालत राहा. रस्ते बंद झाले तरी खंड पडू नये म्हणून झरीच्या माझ्या थोरल्या भावानं, दादानं, दिवाळीपर्यंत पुरतील एवढ्या गोळ्या एकदमच घेऊन दिल्या. चांगला मोठा डबा होता. तो मी भिंतीतल्या देवळीत ठेवला, सगळ्यांना दिसेल असा. तिथंच माझी अक्कल गहाण पडली.

आमचं घर ताडकळसजवळच्या खेड्यात, आणि कारभार सगळा थोरल्या जावेच्या हातात. माझं दूध तिनं पहिल्याच आठवड्यात बंद केलं. दुधानं गाठ वाढते, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं म्हणे. माझ्या वाटणीचं दूध डेअरीच्या कॅनमध्ये जायला लागलं आणि माझ्या पुढ्यात ताक आलं. नवरा सगळं बघायचा आणि बैलांना पाणी दाखवायला उठून जायचा. म्हैस तर माझ्या आंदणाची. वडिलांनी लग्नात शिंगं रंगवून जी पाठवली होती, तिचीच ही पारडी. आंदणाचं जनावर आणि त्याची पिलावळ सुनेची, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

मी डबा घेऊन घरी आले त्याच दिवशी म्हैस व्याली होती आणि दुसऱ्या दिवशी बसली ती उठेना. गुरांचे डॉक्टर आले. कॅल्शियम कमी पडलंय म्हणाले, मानेच्या शिरेतून बाटली दिली, आणि तासाभरात म्हैस उभी राहिली. जाऊ हे सगळं डोळे विस्फारून बघत होती. दादानं तिच्यासमोर डबा देताना हाच शब्द उच्चारला होता, तो तिच्या बरोबर ध्यानात राहिला.

नंतर माझा डबा भराभर उतरायला लागला. मी विचारलं, तर जाऊ म्हणाली की तूच दोनदोन खातेस, इंजेक्शनांनी तुझं डोकं जाग्यावर नाही. मला ते खरं वाटलं, याचा मला अजून राग येतो. दसऱ्याच्या आधीच डबा रिकामा झाला. पुढं एकदा न्हाणीत पाय घसरला, हात टेकला, आणि उजवं मनगट कडकन मोडलं. एवढ्याशा पडण्यानं मोडायला नको होतं, असं परभणीचे डॉक्टर प्लास्टर घालताना म्हणाले. गोळ्या वेळेवर घेतल्या असत्या तर मोडलं नसतं असं काही ते म्हणाले नाहीत. ते माझं मी ठरवलं.

प्लास्टर गळ्यात अडकवून मी उन्हात बसायला लागले. कोवळं ऊन गोठ्यासमोरच पडायचं. तिथं तिसऱ्या दिवशी पाहिलं, तर जाऊ पदराच्या गाठीतून गोळ्या काढून वरवंट्याखाली चेचत होती. गुळात कालवून तिनं ते पेंडीच्या घमेल्यात टाकलं. माझ्या डब्यातल्या शेवटच्या गोळ्या होत्या त्या.

मी घमेल्याजवळ जाऊन उभी राहिले. ती जराही दचकली नाही.

"म्हस बसली तर घर बसंल," ती म्हणाली. "तू बसलीस तर काय, बसून बी भाकर खाशील."

मी दादाला निरोप धाडला आणि दिवस कळवला. बारा दिवसांनी जावेच्या लेकीला बघायला पाहुणे यायचे होते.

त्या दिवशी सकाळचं दूध काढून डेअरीला गेलं. गावातलंही सगळं गेलं. दुपारचं दूध पाहुण्यांसाठी काढायचं ठरलं होतं. बाराच्या सुमाराला दादा आला, मी दावं सोडलं, आणि म्हैस न् रेडकू सगळ्या गावासमोरून झरीच्या वाटेला लागले. नवरा ओसरीवर होता. मी त्याच्याकडं नुसतं पाहिलं. तो उठला आणि बैलांना पाणी दाखवायला गेला.

पाहुणे आले. पोरगी पोहे घेऊन गेली. जाऊ शेजारच्या चार घरी वाटी घेऊन हिंडून आली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आलेला ऐकला.

"पाव्हण्यायला चहा कशाचा करू, सांग की."

"माझ्या गोळ्या उरल्या असतील तर उकळा, बाई," मी म्हटलं. "पांढऱ्याच हायत."

पाहुण्यांनी काळा चहा प्याला. मुलाच्या आत्यानं कप अर्धा टाकला. सोयरीक मात्र जमली. पोरीशी माझं काही वाकडं होतं असं नाही, पण खरं सांगायचं तर त्या दिवशी मला तेवढंही नको होतं.

मी संध्याकाळच्या एसटीनं झरीला गेले आणि पुढच्या पोळ्यापर्यंत परतले नाही. मनगट जुळलं, जरा तिरकंच. थंडीत ठणकतं. ठणकलं की मला त्या आत्याचा अर्धा कप आठवतो आणि बरं वाटतं.

जाऊ आता म्हातारी झाली. तिच्याकडं गेले की ती माझ्या चहात न विचारता दूध जास्त घालते. मी कप तसाच पुढं धरून ठेवते आणि म्हणते, "आणखी घाला, बाई."