सासऱ्याची भूमिका

गावच्या नाटकात मी कायम दारुडा, हवालदार, नाहीतर नवरीचा खाष्ट काका. नुसती एन्ट्री घेतली तरी पुढं बसलेली बायकापोरं हसायची. मला ते फार आवडायचं, अजूनही आवडतं. वय झालं, पोट सुटलं, पण हौस काही सुटली नाही.

ही हौस बघूनच समुपदेशन करणाऱ्या ताईंनी मला धरलं. बाहेरगावाहून बांधकामावर, कारखान्यांत आलेल्या लोकांसाठी त्या दर रविवारी आमच्या कान्हे गावातल्या बुद्धविहाराच्या हॉलमध्ये बसतात. जे बोलायचा धीर होत नाही, ते आधी नाटकात बोलून बघायचं, ही त्यांची पद्धत. समोरचा माणूस व्हायचं काम माझं. एकदा मी मुकादम असा रंगवला की एका मजुरानं खरंच माझी कॉलर धरली. ताईंना केवढा आनंद! माझी दोन बटणं गेली, त्याचं कुणालाच काही नाही.

त्या रविवारी मला सासरा व्हायचं होतं.

बाई परभणीकडची, टाकव्याच्या रस्त्यावरच्या साइटवर विटा वाहणारी. दिवाळी संपली आणि तिचा नवरा परांचीवरून पडून गेला. अंत्यविधी इथंच उरकला. दोन लेकरं गावी सासऱ्याजवळ, आणि सासऱ्याला तिनं अजून काही सांगितलं नव्हतं. म्हाताऱ्याचं हृदय अधू. त्याला काही झालं तर लेकरं ठेवायची कुठं? साइटवरच्या पत्र्याच्या खोलीत? म्हणून फोन आला की ती म्हणायची, "कामावर गेलेत." पण साइटवरचा एकुलता एक गाववाला आज संध्याकाळी घरी निघाला होता. त्यानं तिला बजावलं होतं, म्हाताऱ्याच्या तोंडावर खोटं बोलणार नाही. त्याच्या आधी तिनं सांगायला हवं होतं.

ताईंनी आम्हाला पाठीला पाठ लावून बसवलं. फोनवर चेहरा दिसत नाही, म्हणून तसंच. मी खोकलो, आवाज थरथरवला आणि बातमी कळायच्या आधीच छाती बडवायला लागलो.

बाई वळून म्हणाली, "भाऊ, असं न्हाई करीत ते."

"मग काय करतात?"

"काहीच न्हाई. लई कमी बोलतेत. गप ऐकतेत."

संवादच नसलेली भूमिका! मी जरा हिरमुसलो, पण गप्प बसलो. दोनदा ती "मामा, तुमचा लेक" इथं अडकली. तिसऱ्यांदा वाक्य पुरं झालं. तिची पाठ कापत होती, ते माझ्या पाठीला कळत होतं. भूमिका उतरवायच्या नियमाप्रमाणे मी उठलो, अंग झटकलं आणि मोठ्यानं म्हणालो, "मी कान्ह्याचा. मी तुमचा सासरा नाही." तिनं मान हलवली आणि नंबर लावला. स्पीकर चालू होता.

आणि कमी बोलणारा म्हातारा त्या दिवशी सुटलाच. धाकट्याचा दात पडला. तूर कापून झाली. शेजाऱ्याची म्हैस व्याली. तिला मधे शिरायला जागाच मिळेना. शेवटी तो म्हणाला, "आज ऐतवार हाय. त्याला सुट्टी असंल. दे त्याला फोन."

बाईनं फोन हातानं झाकला आणि माझ्यासमोर धरला. "भाऊ, तुमाला आवाज काढता येतेत. एकदाच. नुसतं 'बाबा' म्हना."

खरं सांगतो, आवाज घशाशी तयार होता. परभणीचा हेल, थोडी सर्दी, एक शब्द. म्हातारा सहज फसला असता. ताई माझ्याकडे बघत नुसती 'नको' म्हणून मान हलवत होत्या. फोनमधून "हॅलो, हॅलो" चाललं होतं.

मी तिच्याकडे पाठ केली आणि खाली बसलो.

थोड्या वेळानं तिची पाठ माझ्या पाठीला येऊन टेकली. या वेळी ती अडकली नाही.

मग म्हाताऱ्यानं विचारलं, "कवा?"

"दिवाळीच्या मागून."

पलीकडे कुणीतरी लेकरू जवळच हसत होतं. म्हाताऱ्याचा आवाज अगदी खाली आला. "लेकरं हितंच खेळू लागलीत. मला रडता येईना. तू रडलीस का?"

"न्हाई. खोलीत समदे असतेत."

"मंग आता रड. मी ऐकतो."

असं रडणं मी कुठल्याच नाटकात ऐकलेलं नाही. विहाराची झाडलोट करणाऱ्या मावशी खराटा घेऊन दारात आल्या. "आगं बया! कोन गेलं, भाऊ? आत्ता गेलं का?"

"दिवाळीनंतर, मावशी," मी म्हणालो.

त्या तशाच दारात उभ्या राहिल्या. ताईंनी खिडकी लावायला हात पुढं केला आणि मागं घेतला. मला उठता येईना, तिचा सगळा भार माझ्या पाठीवर होता. आणि फोनमधून मधूनमधून, लेकरांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू, म्हातारा म्हणत होता, "हां. हाय मी. रड."