हेंडगा म्हणजे आग नव्हे

माझा राग नाकावर. शाळेतली पोरं माघारी मला तोफ म्हणायची, आणि मला ते कळलं तेव्हा मी चौघांना छडीनं फोडलं होतं. म्हणजे पोरांचं काही चुकलं नव्हतं.

जळकोटपासून दोन कोसांवरच्या त्या गावात मी मास्तर होतो. बहात्तरच्या दुष्काळात गावची निम्मी जनावरं चाऱ्यावाचून मेली. त्यानंतर दूध सोसायटीनं ठराव केला की गावामागचा डोंगर बंद. चराई नाही, कुऱ्हाड नाही, आग नाही. संक्रांतीनंतर गवत कापायचं, सगळ्या सभासदांनी वाटून घ्यायचं आणि उन्हाळा काढायचा. ठराव मीच माझ्या अक्षरात लिहिला.

राखणीला आबांना नेमलं. आबांची हयात मेंढरांमागं गेलेली, पण दुष्काळानं एक मेंढरू ठेवलं नव्हतं. पहिल्या वर्षी डोंगरावर रोज मारामाऱ्या झाल्या. शेजारच्या गावच्या लोकांनी दगडानं आबांचं कपाळ फोडलं. आबांनी त्यांच्या कुऱ्हाडीचे दांडे मोडले, आणि एकाचा गुडघाही. दुसऱ्या वर्षी मात्र कमरेएवढं गवत आलं, ससे आले, तित्तर ओरडू लागले. आबा ते गवत असं न्याहाळायचे की वाटावं, मेलेली मेंढरं त्यातून परत येणार आहेत.

तो डोंगर दाखवायला मी पायी सहली सुरू केल्या. माझा एक शाळूसोबती सोलापुरात बँकेत होता. नाताळच्या सुट्टीत तो सात-आठ जणांना घेऊन हमरस्त्यावर एसटीतून उतरायचा, तिथून तीन दिवस नुसतं चालायचं. नियम माझे. वाटेवरची काडी मोडायची नाही, कागदाचा कपटा टाकायचा नाही, बिडी ओढायची नाही, आणि प्रत्येकानं अर्धा दिवस डोंगराच्या पायथ्याला दगडी बांध रचायचा. एकानं बोराची फांदी वाकवून मोडली तर मी त्याच्या पाठीत काठी घातली होती. चांगला साहेब माणूस, पण पाठ चोळत पुढं चालू लागला.

गाव आमच्यावर हसायचं. खडी फोडायच्या कामावर चालून चालून ज्यांचे पाय झिजले होते, त्या बाया म्हणायच्या, "आगं बया, हे हौसेनं चालायलेत! ह्यांच्या मागं कुत्रं लागलंय व्हय?"

ती तिसरी सहल ऐन येळवसेला आली. येळवस, म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या, आमच्याकडं मोठा सण. सगळं गाव शेतात जातं, कडब्याची कोप, म्हणजे लहानशी खोपटी, उभी करतं, चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून पुजतं. बांधावरनं जाणाऱ्याला, मग तो कुणी का असेना, शेंगाभाज्या एकत्र शिजवलेली भज्जी आणि आंबील घेतल्याशिवाय पुढं जाऊ द्यायचं नाही. त्या दिवशी वैरीसुद्धा पाहुणा असतो.

माझ्या घरमालकाचं शेत डोंगराला लागूनच होतं. पाहुण्यांनी सकाळी बांध रचला आणि दुपारी कोपीपुढं पंगत बसली. आबा वर राखणीला उपाशी होते. मी खालनं हाका मारल्या. ते येईनात. मग मीच चढून गेलो आणि हात धरला.

"गुरुजी, आज न्हाय जमायचं. गवत लई वाळलंय."

"आबा, येळवसेला उपाशी बसता? तुम्हाला माझ्या गळ्याची शपथ."

ते आले. जेवले. आंबिलीचे दोन तांबे प्यायले. पाहुण्यांशी हसले. दिवस कलला तसा माझ्या सोबत्यानं विषय काढला, "तुमच्याकडं हेंडगा असतो ना? आमच्या माणसांना बघायचाय."

वाळलेल्या गवताची पेंडी पेटवायची आणि ती घेऊन शेताभोवती पळत फेरी मारायची, त्याला हेंडगा म्हणतात. आबा पटकन उठले. "यंदा हेंडगा नगं गुरुजी. वारं हाय."

पाहुण्यांसमोर मला कुणी अडवलेलं खपायचं नाही. मी म्हणालो, "आबा, हेंडगा म्हणजे काय आग आहे? देवाचं काम आहे ते."

आणि खरंच, त्या क्षणी मला ते आग वाटलंच नाही. ठरावात आगबंदी लिहिणारा मी, साध्या बिडीवर चवताळणारा मी. पण हेंडगा आमच्या जिभेवर कधी आग नव्हताच. लोकां सांगे ब्रह्मज्ञान!

मी पेटवला आणि पळालो. डोंगराच्या बाजूला वळलो तेव्हा वाऱ्यानं पेंडीचा जळता झुपका उचलला आणि सकाळी रचलेल्या बांधापलीकडं टाकला.

गवत भडकलं. तडतड असा आवाज झाला आणि ज्वाळा वर पळत सुटली. एक ससा पेटलेला बाहेर आला, वावरात दहा पावलं धावला आणि पडला. लिंबाचे ढाळे घेऊन आम्ही आग बडवत होतो, आबा सगळ्यांच्या पुढं होते, त्यांचं धोतर पेटलं ते मी विझवलं. दिवस बुडाला तेव्हा डोंगर काळा झाला होता आणि गावच्या जनावरांचा उन्हाळा त्यात गेला होता.

गाव काठ्या घेऊन आलं. कुणी तरी ओरडलं, "राखणदार कुठं मेला हुता?"

माझे हात काळे होते. ते कुणी बघायच्या आत मी वळलो आणि आबांच्या तोंडात दिली. "राखण सोडून जेवायला बसलास?" त्या माणसाला मी कधी तू म्हणालो नव्हतो.

मास्तरनंच मारलं म्हटल्यावर गावाला मोकळीक मिळाली. चार-पाच काठ्या एकदम पडल्या. हाताचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. पाहुणे रडत होते, "मारू नका, मारू नका!" माझा सोबती माझ्याकडं बघत होता. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि दोर ओढणारा मी.

सकाळी पाहुणे गेले. जाताना त्यांनी बिस्किटांचे कागदसुद्धा नियमाप्रमाणं पिशवीत भरून नेले. सोबती पुन्हा कधी आला नाही.

आबांना ट्रकमधून उमरग्याला नेलं. उजवा हात वाकडाच जुळला.

त्या संध्याकाळी लांबच्या शेतांतही हेंडगे फिरले होते आणि घरमालकानं मास्तरचं नाव घेतलं नव्हतं, म्हणून आग कुणाची ते गावाला ठाऊक नव्हतं. संक्रांत झाल्यावर सोसायटीची सभा भरली. नवा राखणदार नेमायचा होता. चेअरमननी आबांना विचारलं, "शेवटचं सांगा, आग कुणी लावली?"

आबांनी माझ्याकडं बघितलंच नाही. म्हणाले, "वारं हुतं."

तेवढ्यावर मी सुटत होतो. पण मी उठून उभा राहिलो. "हेंडगा माझ्या हातात होता. आबांना जेवायला मीच ओढून आणलं होतं. त्यांनी मला नको म्हणून सांगितलं होतं."

दोघं-तिघं माझ्यावर धावले. "थांबा रं," आबा म्हणाले. ते हळूहळू माझ्यापर्यंत आले आणि डाव्या हातानं माझ्या कानाखाली अशी ठेवून दिली की मी चेअरमनच्या टेबलावर जाऊन पडलो.

"ही हेंडग्याची न्हाय, गुरुजी," ते म्हणाले. "हेंडगा कुणाच्याबी हातनं सुटतुया. तुमी येळवसेला जेवायला बोलावून मारलं, तेची हाय."

मारतानाही ते मला तुमीच म्हणाले. मग खाली बसून एका हातानं पटका सारखा करू लागले.