सखूच्या पापण्या आणि डॉक्टर नारायणराव

डॉक्टर नारायणराव ओळखपाळख व्हायच्या आत माणसाला आकडे मोजायला लावत. निजामाचे दिवस होते ते. माझ्या बहिणीला, सखूला, त्यांच्या आदिलाबादच्या दवाखान्यात नेलं, तेव्हा त्यांचं पहिलं वाक्य हेच, "मोज बाई शंभरपर्यंत. मोठ्यानं." चाळिसाला तिचा आवाज नाकात गेला, साठाला पापण्या मिटल्या. सकाळी धडधाकट, दुपारी कापूस वेचताना हात गळालेले. सासरी तिला कामचोर म्हणत. डॉक्टर चिडले ते सासरच्यांवर. "सोंग करणारी सकाळपासूनच करते ना! दुपारची वाट काऊन पाहीन?"

मग मुंबईच्या मित्राकडून आलेल्या पेटीतली एक सुई त्यांनी टोचली. अर्ध्या तासात सखूनं टक्क डोळे उघडले आणि अख्खी भाकर खाल्ली. मला रडूच आलं. डॉक्टर म्हणाले, "नस हुकूम देते, पण आंगातलंच एक रसायन तो हुकूम पुसून टाकते. हिचे स्नायू आधीच ऐकाले मंद. हे औषध त्या पुसणाऱ्याचा हात धरून ठेवते, बस. तेबी चार घंटे."

पेटी संपली. महायुद्धामुळे मुंबईत माल मिळेना. सरकारी साठ्यात होता, पण अर्जीवर अर्जी देऊनही उत्तर एकच, हे औषध फेहरिस्तीत, म्हणजे मंजूर यादीत, नाही. डॉक्टर कागद आपटत. शेवटी औषध द्यायचं की नाही हे ठरवायला एक मोठे साहेब सकाळी सखूच्या तपासणीला यायचे ठरले. "सखूले शेवटचा कोस तरी पायी चालवजो," डॉक्टरांनी मला बजावलं. "थकलेली दिसली पाह्यजे."

मला अक्कल कुठली! साहेबांसमोर बहीण नीट दिसावी म्हणून मी बैलगाडीत गादी घातली आणि आमच्या गावाहून, जैनथहून, तिला थेट दवाखान्याच्या दारापर्यंत निजवून आणलं. ताजीतवानी सखू खणखणीत आवाजात शंभरपर्यंत मोजून गेली, वर साहेबांकडे बघून हसलीही. साहेबांनी कागदावर लिहिलं, मरीज तंदुरुस्त. "साहब, शाम तक रुकिए!" म्हणत डॉक्टर मोटारीमागे फाटकापर्यंत धावले. परत येऊन माझ्यावर ओरडले, "गाडीत काऊन आणलं रे?" दुपार कलली तशा सखूच्या पापण्या उतरल्या.

दिवाळीच्या आधी तिच्या घशात घास अडकला. तो खोकून काढायचीही ताकद तिच्यात उरली नव्हती.

सखू गेल्याचं कळल्यावर डॉक्टर आमच्या ओट्यावर येऊन बसले. चहाला हात लावला नाही. "रोग समजत नाही तं माणूस देवावर टाकते," ते म्हणाले. "हा तं समजला होता. औषधबी होतं. आता कोणावर टाकू?"

माझ्यावर टाका, डॉक्टर, असं तोंडाशी आलं होतं. पण त्यांचा चहा गार झाला म्हणून मी दुसरा आणायला आत गेलो.